अंबाडी आंबट असते

धाराशिव
रविवार, सकाळ

प्रिय हर्षाली,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, मावशीनं पुन्हा वर्तमानपत्रातलं एखादं कात्रण पाठवलं. या वेळी कात्रण नाही. वसतिगृहात मुलींच्या घोळक्यात हे वाचू नकोस. एकटी असशील तेव्हा वाच, आणि वाचून झाल्यावर कुणाला दाखवावंसं वाटलं तर खुशाल दाखव. तुझ्या आईचं आमच्याकडचं काम का सुटलं, याबद्दल लातूरपर्यंत तुझ्या कानावर जे आलं ते खोटं आहे. ते खोटं मी बोलले. हे एक वाक्य लिहायला मला अख्खी रात्र आणि चार कागद लागले. आता ते लिहून झालंच आहे, तर पुढचंही सांगते. पण मला माझ्या चालीनं सांगू दे. तुला माहीतच आहे, वर्गात पानाचे भाग शिकवायचे असले तरी मी आधी त्या झाडाची गोष्ट सांगत बसायचे आणि तास संपून जायचा.

मी सोलापूरला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये शिकले, हे तुला ठाऊक आहे. तुळजापुरातल्या पुजाऱ्यांच्या घरातली मुलगी ननांकडे ठेवली म्हणून आमच्या भाऊबंदांनी वडिलांना बरंच ऐकवलं होतं. तिथं दर शनिवारी संध्याकाळी आम्ही मुली एका बारीक वहीत आठवडाभरातल्या आपल्या चुका लिहायचो. ख्रिश्चन मुली पुढे चर्चमध्ये जाऊन फादरला सांगायच्या. आम्हा हिंदू मुलींना ती सोय नव्हती, आम्ही फक्त लिहायचो आणि सिस्टर वाचायच्या. मी इतकी शहाणी मुलगी होते की लिहायला काही सापडायचंच नाही. मग मी पापं रचायचे. 'शेजारणीची पेन्सिल न विचारता घेतली.' 'प्रार्थनेत हसले.' सिस्टर लाल शाईनं खाली लिहायच्या, 'प्रामाणिक मुलगी.' चौसष्टाव्या वर्षी खरं काही लिहायची वेळ आली, तेव्हा कळलं की रचलेलं लिहिणं किती सोपं होतं.

तर गोष्ट आमच्या माडीवरच्या खोलीची आहे. उन्हाळ्यात उत्कर्ष पुण्याहून आला तो अडीच महिने राहिला. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती. मी हरखून गेले. एकतीस वर्षांचा लेक, नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच इतके दिवस घरात! पण तो वरच असायचा. कुरिअरनं खोकी यायची. काळ्या कापडाचा, आतून चंदेरी असा एक तंबू त्यानं खोलीत उभा केला, त्यात दिवे टांगले, पंखा लावला आणि जून सरता सरता चार कुंड्यांत बिया पेरल्या. मी विचारलं, तर म्हणाला, "आई, हेम्प आहे. फायबर क्रॉप. ऑफिसात एकाशी पैज लागलीय, घरात वाढवून दाखवायचं." तुझ्या काकांचे गुडघे गेल्यापासून ते दोन वर्षांत जिना चढलेले नाहीत, त्यामुळे त्यांना यातलं काहीच दिसलं नाही. मी आपली शब्दकोश काढून बसले. हेम्प म्हणजे ताग, अंबाडी. मला हसूच आलं. आपल्याकडे ज्वारीच्या रानात चार ओळी टाकतात ती अंबाडी, आणि हा तिच्यासाठी परदेशातून दिवे मागवतो!

जुलैत कंपनीनं त्याला परत बोलावलं. जाताना म्हणाला, "आई, दोन महिने सांभाळशील? तुझ्याइतकं झाडांतलं कुणाला कळतंय?" हर्षाली, निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. ढोकीच्या शाळेत एकोणतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आणि आता मला कुणी विचारतं ते एवढंच, की गॅसचा नंबर लावला का. मी हो म्हणाले.

पहिले पंधरा दिवस छान गेले. मग एका सकाळी पाहते तर पानांची टोकं पिवळी. नुसती टोकं, जणू कुणी हळदीत बुडवून काढलीत. मी उत्कर्षला फोटो पाठवले आणि तो घाबरलाच. त्यानं सांगितलं की ही जात आपोआप फुलावर येते. शेवंतीला कसं दिवस लहान झाल्याचं कळावं लागतं, तसं हिला लागत नाही. हिचं वय झालं की ही फुलते. एकूण आयुष्यच दोन-अडीच महिन्यांचं, त्यामुळे चूक सुधारायला वेळ नसतो. तेव्हापासून तो रोज साडेसहाला फोन करू लागला. आधी रविवारी चार मिनिटं बोलायचा, तीही मी मोजायचे. आता रोज अर्धा तास. "आई, खालची पानं कशी आहेत? शिरा हिरव्या आहेत का? नवीन शेंडा कसा आहे?" मी चष्मा लावून, हातात भिंग घेऊन उत्तरं द्यायचे. खालून पिवळी पडत असती तर अन्न कमी पडतंय म्हटलं असतं. शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका असता तर लोह. पण इथं पान सगळं गडद हिरवं आणि फक्त टोक जळलेलं. म्हणजे उपासमार नव्हती, अजीर्ण होतं. कुंडीच्या कडेला बोट फिरवलं तर पांढरी पूड. आपलं बोअरचं पाणी! आंघोळीच्या तांब्यालाही ज्याची खरवड धरते, ते पाणी मी त्यांना घालत होते, आणि वर त्याच्या त्या बाटलीतलं खत. क्षारांनी टोकं भाजली होती. मी बाटली बंद केली, गच्चीवर पातेली मांडून पावसाचं पाणी धरलं आणि तेच घालायला लागले. आठवडाभरात आलेली नवी पानं टोकापर्यंत हिरवीगार. उत्कर्ष म्हणाला, "आई, यू आर अ जीनियस." हा शब्द मी स्वयंपाक करताना स्वतःशी म्हणून बघितला, हे तुला सांगायला आज लाज वाटते.

आता तुझ्या आईकडे येते. गौराबाई वर झाडायला गेल्या तेव्हा तंबूची चेन उघडी होती. खाली आल्या त्या हातात झाडू तसाच धरून. म्हणाल्या, "अक्का, वर ते काय लावलंय?" मी म्हणाले, "अंबाडी आहे, परदेशी." त्या म्हणाल्या, "अंबाडी न्हाय ती. गांजा हाय." मी रागावले. तुझी आई माझ्यावर कधी आवाज चढवत नाही आणि मीही तिच्यावर चढवत नाही, पण त्या दिवशी मी म्हणाले, "गौराबाई, वनस्पतिशास्त्र तुम्ही शिकवलंय का मी?" आणि फळ्यासमोर उभी असल्यासारखी त्यांना शिकवायलाच लागले: अंबाडीच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'गांजासारखी' असा आहे, दोन्हींची पानं पंजासारखी दिसतात, अडाणी माणसाची फसगत होते. 'अडाणी' हा शब्द मी वापरला. त्या म्हणाल्या, "मी अडाणीच हाय अक्का. पण माझा जन्म गेला ह्यो वास धुण्यात."

तुझ्या वडिलांचे शर्ट, हर्षाली. सिद्धलिंग ढोकीच्या कारखान्याला ऊस आणायचे, तेव्हापासून मी तुम्हाला ओळखते. ट्रॅक्टर उलटून ते गेले त्या दिवशीही त्यांनी चिलीम ओढली होती, हे मी शाळेतच ऐकलं होतं. तू नऊ वर्षांची होतीस. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी त्या बाईला पानांचे आकार समजावून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी तुझी आई बाजारातून अंबाडीची जुडी घेऊन आली, बेंबळीच्या बाया विकायला बसतात त्यांच्याकडची. एका ताटलीत तिचं एक पान ठेवलं, शेजारी वरच्या कुंडीतलं एक. म्हणाली, "चाखा." मी अंबाडीचं पान चावलं. आंबट, दात आंबतील असं. कण्या घालून लसणाची फोडणी दिलेली भाजीच आठवली. मग दुसरं पान चावलं. आंबटपणाचा मागमूस नाही. कडवट, चिकट, घशात चिकटून बसणारं. मी बेसिनपाशी जाऊन थुंकले. तुझी आई म्हणाली, "बगा." आणि मी, बीएस्सीला पहिली आलेली मी, चूळ भरून काय म्हणाले माहीत आहे? "एखादी कडू जात असेल अंबाडीची." तुझी आई खो खो हसली. म्हणाली, "व्हय तर. माझा नवरा बी कडू अंबाडीच वडायचा." आणि भांडी घासायला गेली.

त्या दिवशी दुपारी मी माझी जुनी पुस्तकं काढली. खरं तर काढायची गरज नव्हती. पानांच्या कडा, पानं खोडाला लागतात ती पद्धत, सगळं मी कॉलेजात वहीत काढलेलं होतं. मी पहिल्या पंधरवड्यातच ओळखायला हवं होतं. आज मागे वळून बघते तर वाटतं, ओळखलंच असणार. पण ओळखलं असतं तर साडेसहाचा फोन बंद झाला असता.

मी उत्कर्षला विचारलं. तो म्हणाला, "आई, मला झोप येत नाही. महिनोन्महिने. बाहेरच्या देशांत डॉक्टर देतात हे. थोडंसंच आहे, फक्त माझ्यासाठी." लहानपणी ताप आला की तो असाच बोलायचा, वाक्य अर्धं सोडून. मी त्याला डॉक्टरकडे जा म्हणायला हवं होतं, झाडं उपटून टाकायला हवी होती. मी म्हणाले, "बरं. पण लवकर आटोप." तिथून पुढे एकोणीस दिवस मी सगळं माहीत असून पाणी घालत राहिले. माझी पापाची वही आज कुणी वाचली तर हे एकोणीस दिवस तिथं सगळ्यात ठळक दिसतील. तुझ्या आईला मी सांगितलं की वरची खोली आता मी झाडेन. त्या म्हणाल्या, "ठीक हाय अक्का. पर दादाला म्हणावं, ह्या वाटंनं गेलेला माणूस माझ्या घरात व्हता." पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

फुलं धरली आणि वास सुटला. मी वर ऊद लावायला लागले, सकाळ-संध्याकाळ. तुझे काका खूश झाले, म्हणाले, "उतारवयात का होईना, तुझ्यातली पुजाऱ्याची लेक जागी झाली." मी हसले. बघ, एक झाकायला दुसरं, दुसरं झाकायला देव.

आण्णासाहेबांना तू ओळखतेस. काकांचे मित्र, कोपऱ्यावरच्या घरातले, पोलिसात जमादार होते. एका शनिवारी पाचच्या सुमारास चहाला आले. बसल्या बसल्या नाक वर करून म्हणाले, "वहिनी, रागावू नका. पण हा वास मी बत्तीस वर्षं जप्तीच्या मालखान्यात घेतलाय. वर काय ठेवलंय?" काका म्हणाले, "अरे, हिची पूजा असते वर." "मग देवाला वेगळाच धूप लागतोय तुमच्या," असं म्हणत आण्णासाहेब उठले आणि जिन्याकडे निघाले. उत्कर्षची नोकरी, काकांचं नाव, कोर्टात आयुष्यभर सचोटीनं केलेली चाकरी, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढं आलं. आणि मी म्हणाले, "थांबा भाऊजी. आमच्या गौराबाईंचं असेल काहीतरी. त्यांच्या मिस्टरांना सवय होती ना."

तुझ्या वडिलांना मध्ये ओढलं मी. मेलेल्या माणसाला. कारण मला ठाऊक होतं की त्यावर लगेच विश्वास बसेल.

तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे घेऊन. तिनं ऐकलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, अगदी थोडा वेळ. मग पुढे येऊन ट्रे टीपॉयवर ठेवला. कपातला थेंबही बशीत सांडला नाही. म्हणाली, "व्हय सायेब. माझंच हाय. वरच्या खोलीत कुणी येत न्हाय म्हणून लावलं. अक्काला म्हाईत न्हवतं." आण्णासाहेब केवढ्यानं ओरडले! "लावलंस? ज्या घरात बावीस वर्षं खातीस त्या घरात? अगं, दहा वर्षं आत जाशील!" गौराबाईच वर गेल्या आणि दोन खेपांत चारही झाडं कुंड्यांसकट खाली आणली. आण्णासाहेबांनी मागच्या अंगणात घंगाळात चुना कालवायला लावला आणि झाडं त्यात बुडवून काठीनं ढवळायला लावली. ते खुर्ची टाकून बसले होते, तुझी आई ढवळत होती आणि मी न्हाणीघराच्या उंबऱ्यात उभी होते. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कारण ते वगळलं तर हे सगळं पत्रच खोटं ठरेल. माझं लक्ष पानांच्या टोकांकडे गेलं. एकही पिवळं नव्हतं. मला क्षणभर बरं वाटलं.

आण्णासाहेबांनी 'बाईमाणूस आहे, मित्राचं, अंबादासरावांचं घर आहे' म्हणून पोलिसांत कळवलं नाही, पण तुझी आई कामाला जायची त्या कॉलनीतल्या बाकीच्या तिन्ही घरांना सांगितलं. तिन्ही कामं त्याच आठवड्यात गेली. आमच्याकडे तुझी आई स्वतःच यायची थांबली. मी एकदाही त्यांच्या घरी गेले नाही. महिना गेला. उत्कर्षला सगळं सांगितलं तेव्हा त्याचा पहिला शब्द होता, "अरेरे, आठवडाच राहिला होता." मग तोही वरमला असावा, कारण त्यानं फोन ठेवला. त्यानंतर साडेसहाचा फोन आलेला नाही. रविवारचाही नाही.

या सोमवारनंतर मात्र मी हलले. आधी काकांना सांगितलं. ते दोन दिवस जेवताना ताट घेऊन ओसरीवर बसले, एवढंच. मग मी आण्णासाहेबांकडे गेले. सगळं ऐकून ते हसले. "वहिनी, तुमचं मन फार मोठं. मोलकरणीसाठी स्वतःवर घेताय!" मी शपथ घेतली तर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, शिकलेल्या बायका अशाच हळव्या असतात." हर्षाली, तुझ्या आईनं खोटं सांगितलं ते सगळ्यांनी एका चहाच्या घोटात मानलं, आणि मी खरं सांगत होते तर मला थोरपण देत होते. शेवटी मी आण्णासाहेबांना हाताला धरून आमच्या माडीवर नेलं. तंबू दाखवला, दिवे दाखवले, कुरिअरच्या खोक्यांवरचं उत्कर्षचं नाव वाचायला लावलं. मग ते पायरीवर बसले. म्हणाले, "मग आता हे इथंच राहू द्या, वहिनी. पोराचं करिअर आहे. त्या बाईला काय, दुसरीकडे मिळेल काम." हे वाक्य ऐकताना मला आरशात बघितल्यासारखं झालं. महिनाभर मी स्वतःला हेच तर सांगत होते. तिन्ही घरी मी जाऊन आले. एका घरी मला पाणीही विचारलं नाही, आणि तिथं मला सगळ्यात बरं वाटलं. दोन घरांनी तुझ्या आईला परत बोलावलं आहे. त्या जातील की नाही, माहीत नाही. उत्कर्षलाही कळवलं आहे की मी सगळ्यांना सांगितलंय, आणि तो आला तर त्याच्याबरोबर डॉक्टरकडे मी येईन.

काल तुमच्या घरी गेले. तुझी आई ज्वारी पाखडत होती. मला बघून उठली, पाट दिला, चहा टाकला. मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, "असलं काय करू नगासा, अक्का. कंबर धरंल." मी विचारलं, का घेतलंत अंगावर? तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "तुमी माझं नाव घेतलं तवा मला वाटलं, हिच्याकडं दुसरं काय उरलं न्हाय. मग मी तरी कशाला उघडं पाडू?" आणि पुन्हा सूप उचलत, "मनात राग हाय. न्हाय म्हणत न्हाय. ऱ्हाईल बी." तिला तसं म्हणायचा हक्क होता. तरी तिनं चहा मात्र माझ्या सवयीचा केला होता, बिनसाखरेचा. निघताना तिनं मला गळ घातली. म्हणाली, "हर्षालीला यातलं काय बी सांगू नगासा. तिनं माझ्यावर राग धरला तर चालंल. मी आई हाय, तिला आज ना उद्या यावंच लागंल. पण मावशीवरचा भरवसा उडाला तर तिचा पुस्तकावरचाच भरवसा उडंल. शेवटचं वरीस हाय तिचं."

मी मान हलवली आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसले. तुझ्या आईला दिलेला शब्द मी मोडते आहे, तोही बावीस वर्षांत पहिल्यांदा. कारण तुझं पत्र. इतकं सगळं लिहिलं, पण सोमवारी आलेल्या तुझ्या पत्राबद्दल अवाक्षर काढलं नाही, हे तुझ्या केव्हाच लक्षात आलं असेल. माझं धाडसच होत नव्हतं. मीच गिरवून घेतलेल्या त्या गोल अक्षरात तू लिहिलंस, 'मावशी, अव्वानं तुमच्या घरात जे केलं त्याबद्दल तिच्या वतीनं मी तुमची माफी मागते. बाबांचं असं झाल्यावरही ती हे करू शकते, यावर माझा विश्वास बसत नाही. मी तिच्याशी बोलणं बंद केलंय. तुम्ही मला अंतर देऊ नका.' महिनाभर त्या बाईनं तुझे न आलेले फोन सोसले आणि एका शब्दानं माझं नाव घेतलं नाही. हर्षाली, तुझं पत्र मी या पाकिटातच परत घातलं आहे. ते माझ्या घरात ठेवायचा मला अधिकार नाही. तू ज्या माफीसाठी हात जोडलेस ती तुझ्या आईला मिळायला हवी, माझ्याकडून, आणि आता तुझ्याकडूनही. माझ्याबद्दल काय वाटून घ्यायचं ते सावकाश ठरव, परीक्षा झाल्यावर ठरव, वाटलं तर कधीच ठरवू नकोस. पण हे वाचून झालं की आधी अव्वाला फोन लाव. ती दिवसभर घरीच असते, हल्ली तिला दुसरीकडे कुठं जायचं नसतं.

तुझी म्हणवून घ्यायलाही आज कचरणारी,
नीलामावशी